सात नंबरच्या बाटलीतला शिंपला

"सात नंबरची बाटली तुम्हीच बिघडवली!" बंदराचे साहेब कडाडले. "पाणबुडे दोनदा उतरले. परका शिंपला एकसुद्धा दिसला नाही!"

चष्मिस, तिचा धाकटा भाऊ टिल्लू आणि शेजारचा लंबू मान खाली घालून उभे होते. सुट्टीत ते मावशीच्या प्रयोगशाळेसाठी बंदरातलं पाणी भरून आणत. शिंपला दिसला नाही, तरी त्याच्या अंगाचे बारीक कण पाण्यात सुटतात. त्या कणांतल्या डीएनएवरून मावशी त्याची जात ओळखायची. सात नंबरात दूरच्या समुद्रातली जात निघाली होती. ती इथे पसरली, तर पाण्यातलं सगळं खाणं फस्त करणार आणि आजोबांनी खाडीत वाढवलेली कालवं उपाशी मरणार होती!

"ताई, आपणच घोळ केला का गं?" टिल्लू रडवेला झाला.

"पुन्हा भरू! नवे हातमोजे, नव्या बाटल्या," चष्मिस म्हणाली. "एक बाटली धक्क्यावरच नळाच्या पाण्याने भरायची. घोळ आपल्या हातून होत असेल, तर त्यातही शिंपला निघेल!"

सातवी जागा दूरदेशाहून आलेल्या एका पांढऱ्या बोटीजवळ होती. बोटवाले काका खेकसले, "पळा इथून! माझ्या बोटीचं बूड स्वच्छ आहे!"

"खरंच चकाचक आहे, काका!" लंबू साळसूदपणे म्हणाला. "कुठे घासून घेतलंत?"

"इथेच, पाण्यात! सुक्या गोदीत कोण नेत बसणार?"

"आणि खरवडलेलं सगळं?"

"गेलं तळाला!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अस्सं!

दोन दिवसांनी निकाल आला. नळाचं पाणी निर्मळ! इतर जागाही निर्मळ! फक्त बोटीभोवतीच्या बाटल्यांत तोच शिंपला.

साहेबांनी पाणबुडा बोटीखाली धाडला. तो पिशवी घेऊन वर आला. तळाच्या चिखलातून आणि इंजिनाला पाणी नेणाऱ्या जाळीतून वेचलेले, नखाएवढे शिंपले!

मावशीने ते एकेक करून उघडले.

"पिल्लं आहेत," ती हसली. "एकानेही अजून अंडी सोडलेली नाहीत. वेळेवर सापडले!"

काकांची बोट त्याच दिवशी गोदीत चढली. पुढचे तीन आठवडे मुलांनी बाटल्या भरल्या. सगळ्या निर्मळ निघाल्या.

"डोळ्यांना दिसलं नाही, म्हणून मी तुम्हालाच खोटं ठरवलं," साहेब म्हणाले. "चुकलो, पोरांनो. शाब्बास!"

आजोबांनी तिघांना पोटाशी धरलं. कितीतरी दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या दुपारी मात्र ते असे काही घोरले, की टिल्लूला दोन्ही कानांत बोटं घालावी लागली!