मायनस नऊच्या काचा

काढ तो चष्मा आधी. हो, तुलाच म्हणतोय, भाचेबुवा. वीज गेलीय, सगळे गच्चीवर गोष्ट ऐकायला बसलेत आणि हा पठ्ठ्या आभाळाकडे बघून एकटाच हसतोय. कसली मॅच चाललीय तिकडे? ...बरं, राहू दे. नको काढूस. गोष्ट संपेपर्यंत तूच काढशील.

ही कुठे वाचलेली नाही. माझ्या ओळखीच्या माणसाच्या घरात घडलेली आहे. माणूस चष्मेवाला. माझ्या नाकावरचा हा चष्मा त्याच्याच हातचा. तीस वर्षं एकच धंदा आणि भुताखेतांवर विश्वास शून्य. कुणी म्हणालं, जिन्यात सावली दिसली, की हा म्हणायचा, ‘उद्या दुकानात या, नंबर तपासून देतो.’

त्याची एक सवय लक्षात ठेवा. कुणाच्याही फ्रेममधून काढलेल्या जुन्या काचा तो फेकायचा नाही. खाकी पाकिटात घालायचा, वर नंबर आणि तारीख लिहायचा, चिकटपट्टी लावायचा आणि पट्टीवरून आडवी सही ठोकायचा. ‘कोण कधी परत मागेल सांगता येत नाही,’ म्हणायचा. दुकानात त्याचा एक अख्खा खण अशा पाकिटांनी भरलेला.

घरात दोघंच, तो आणि थोरली बहीण. ताई. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. सत्तरी उलटल्यावर ताईला विसर पडायला लागला. आधी गॅस, मग दिवस, मग माणसं. दोनदा ती दार उघडून घराबाहेर पडली. दुसऱ्या वेळी बस डेपोच्या भिंतीशी सापडली, पायात चप्पल नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ‘तिसऱ्यांदा असं झालं तर यांना घरी ठेवू नका. चोवीस तास लक्ष देतात अशा ठिकाणी नेऊन ठेवा.’ आणि याने तर ताईला शब्द दिलेला, तुला कुठेही पाठवणार नाही. त्या शब्दापायी त्याची झोप उडाली होती.

तर नोव्हेंबरमधला एक सोमवार. दुपारी तो जुन्या मालाच्या बाजारात फ्रेमचे बारीक स्क्रू आणायला गेला. तिथे टोपलीत एक चष्मा पडलेला, या आपल्या भाचेबुवांच्या नाकावर आहे तसलाच. काचेतच पडदा. सिनेमा भिंतीएवढा दिसतो, कामाची पानं हवेत टांगता येतात. शिवाय दाराकडे बघून बोललं की दारावर चिठ्ठी लटकते आणि ती चष्मा घालणाऱ्यालाच दिसते. एखाद्याच्या चेहऱ्याकडे बघून नाव सांगितलं, की त्या डोक्यावर नावाची पट्टी. नंतर तो माणूस जाईल तिथे पट्टी त्याच्याबरोबर.

आपल्या ताईसाठीच केलंय हे, असं त्याला वाटलं. घेऊन आला. आत आधीच्या माणसाच्या काचा होत्या, मायनस नऊ. बाटलीच्या बुडासारख्या जाड, उजवीचा कोपरा जरासा उडालेला. त्या काढल्या, पाकिटात बंद केल्या, सही ठोकली. ताईच्या नंबरच्या पातळ काचा बसवल्या आणि कापडाने फ्रेम लख्ख पुसली. संपलं काम. तीस वर्षं हेच केलं ना त्याने? काच बदलली की चष्मा नव्या माणसाचा. आतल्या यंत्रालाही काही आठवत असेल, ते पुसायला हवं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

पहिला आठवडा म्हणजे सोन्याचा. गॅसवर चिठ्ठी: ‘बंद केला का?’ बाहेरच्या दारावर: ‘उघडायचं नाही. मी सातला येतो.’ त्याच्या डोक्यावर ‘धाकटा भाऊ’, दिवसा ताईला सांभाळायला येणाऱ्या बाईंच्या डोक्यावर ‘मावशी’. संध्याकाळी ताई कोऱ्या भिंतीवर गाण्यांचा कार्यक्रम बघायची, ताल धरायची. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ताईने त्याला बघून ‘आलास रे?’ म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन रडला तो. मला स्वतः सांगितलंय त्याने.

मग आला मंगळवार. सातला घरी येतो तर दार सताड उघडं. ताई उंबऱ्याशी स्टूल टाकून बसलेली, रस्त्याकडे डोळे लावून. मावशी आत कपड्यांच्या घड्या घालतायत.

‘ताई! दार कशाला उघडलंस?’

‘अरे, तूच लिहिलंयस ना?’

त्याने तिचा चष्मा स्वतःच्या नाकावर ठेवला. भावाबहिणीचा नंबर जवळपास सारखाच, त्यामुळे स्वच्छ दिसलं. दारावरची त्याची चिठ्ठी गायब होती. तिथे दुसरीच होती.

‘दार उघडं ठेव. मी येतोय.’

मनात पाल चुकचुकली ती तिथे. घरात दिवसभर माणसं दोन. त्यातलं एक विसरभोळं. मग उरलं कोण? मावशी आठ महिने येत होत्या, कधी चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता. पण संशय एकदा मानगुटीवर बसला की आठ महिने आठ मिनिटांत पुसले जातात. या बाईला दार उघडं कशाला हवं? कुणाला आत घ्यायचंय? की ताई बाहेर पडावी आणि आपली सुटका व्हावी असं वाटतंय? त्याने चिठ्ठी पुसली, आपली परत लावली. आता मावशी हात धुवायला गेल्या तरी याचे कान त्यांच्या मागे.

बुधवारी तीच चिठ्ठी. गुरुवारी पुन्हा तीच, आणि ताई स्टूल सोडून फाटकापर्यंत गेलेली. त्याचं डोकंच फिरलं.

‘मावशी, खरं सांगा. ताईचा चष्मा तुम्ही घालता का?’

‘मी? दादा, मला तो घालता येत नाही हो. नाकावर ठेवला की गरगरतं.’

‘मग चिठ्ठ्या भूत लिहितंय?’

रागात बोलून गेला. मावशींचं तोंड एवढंसं झालं. ‘उद्यापासून येऊ नका,’ म्हणाला हा. त्यांनी पिशवी उचलली. दारात थांबल्या.

‘दादा, जाता जाता एक सांगते. ताई दुपारी ती जिन्याजवळची खुर्ची भिंतीपासून पुढे ओढतात. मी मागे सरकवली की परत ओढतात. म्हणतात, त्यांना बसायचंय. मला वाटलं, तुमच्याबद्दलच बोलतायत.’

‘कामं टाळायची ही नवी तऱ्हा का?’ असं म्हणाला तो. आजही ते वाक्य आठवलं की मान खाली घालतो.

शुक्रवार. चौदा तारीख. दुकान बंद ठेवून तो घरी राहिला, डोळ्यांत तेल घालून. दिवसभरात काही नाही. संध्याकाळी त्याने त्या जुन्या मालवाल्याला फोन लावला. विचारायचं एवढंच होतं, की दुसरीकडे बसून कुणाला यात लिहिता येतं का.

‘छे! घालणाराच लिहू शकतो,’ मालवाला म्हणाला. ‘का हो? त्या जाड काचांच्या चष्म्यात ना? तो एका एकट्या म्हाताऱ्याचा होता. त्याला काही आठवायचं नाही, म्हणून मुलांनी घेऊन दिलेला. भाड्याच्या खोलीत राहायचा. एक दिवस संध्याकाळी चष्मा टेबलावर विसरून बाहेर पडला.’

‘मग?’

‘मग काय... परत आलाच नाही. मुलांनी चार महिने शोधलं, शेवटी खोली रिकामी केली.’

चष्मेवाल्याने फोन ठेवला. मायनस नऊचा माणूस चष्म्याशिवाय म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? दोन पावलांवरचं दार दिसत नाही. कुठलं घर आपलं, हे तर नाहीच. त्याला वाईट वाटलं. पण संशय काही मावशींवरून हलला नाही. त्याने बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. घड्याळ समोरच होतं. ताई पलंगावर बसून भिंतीवरचं गाणं बघत होती. हा तिच्या समोर, जिन्याकडे पाठ करून.

ताईचा हात ताल धरता धरता थांबला. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

‘अरे, जरा सरक ना. त्यांना बसू दे.’

‘कुणाला, ताई?’

‘नाव दिसतंय बघ. माणूस काही दिसत नाही.’

‘काय नाव?’

ताईने डोळे बारीक करून वाचलं.

‘मी.’

त्याने हळूच तिचा चष्मा काढला. आपल्या डोळ्यांवर चढवला. वळला.

जिन्याजवळ कुणी नव्हतं. खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे. आणि खुर्चीच्या वर, त्याच्या डोक्याहून वीतभर उंच, हवेत एक पट्टी.

‘मी’.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला काहीच आठवत नाही, त्याला एक दिवस आरशातला चेहराही ओळखू येईना. म्हणून आरशासमोर उभं राहून त्याने चष्म्याला सांगून ठेवलं असणार, हा मी. पट्टी चेहऱ्याला चिकटते. चेहरा असेल तरच दिसते.

चेहरा नव्हता.

पट्टी हलली. खाली आली, माणूस खुर्चीत बसावा तशी. थांबली. मग परत वर...

आणि पुढे.

एक पाऊल. आणखी एक. चाचपडत. टेबलाशी अडखळली, वळसा घालून आली. चष्मेवाला मागे सरकला, पलंगाच्या कडेशी अडला. पट्टी त्याच्या अगदी तोंडासमोर येऊन थांबली. इतकी जवळ, की अक्षरं फुटली.

त्यांच्या मधल्या हवेत एक चिठ्ठी उमटायला लागली. एकेक अक्षर. सावकाश.

‘नीट...’

‘नीट दिसत...’

‘नीट दिसत नाही.’

तीस वर्षं दुकानात आलेला प्रत्येक माणूस हेच वाक्य म्हणायचा...

त्याने चष्मा ओढून काढला. खोली रिकामी होती. ताई शांतपणे त्याच्याकडे बघत होती. चष्मा त्याने लोखंडी कपाटात टाकला, कपाटाला कुलूप लावलं, ती किल्लीही खिशात ठेवली. ताईचा हात धरून पलंगाशी खाली बसला. रात्रभर दिवा चालू. पहाटे साडेचारला कधीतरी त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. ताईचा हात हातातच. दार बंद, कुलूप जागेवर. दोन्ही किल्ल्या खिशात. जीव भांड्यात पडला. ताई जागी होती, त्याच्याकडे परक्यासारखं बघत होती.

‘कोण तुम्ही?’

‘अगं ताई... मी.’

ताईने मान हलवली. हात सोडवून घेतला.

‘ते वेगळे. ते आत्ताच घरी गेले. आता स्पष्ट दिसतंय म्हणाले.’

त्याने कपाट उघडलं. चष्मा ठेवला होता तिथेच होता. फ्रेममध्ये बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा बसवलेल्या होत्या. उजवीचा कोपरा उडालेला. दोन्ही काचांवर आतल्या बाजूने वाफ धरलेली, श्वासाची धरते तशी. तो बघत होता तोवर ती विरली.

तो ताईला हाताला धरून तसाच मावशींकडे गेला. दारात उभा राहून म्हणाला, ‘चुकलो. माफ करा. तुमच्यावर नको तो आळ घेतला.’ त्या म्हणाल्या, ‘तो चष्मा घरात नसेल तर येते.’ आजही त्या येतात. ताई आजही घरीच आहे, याने शब्द पाळला. रोज तो सातला घरी आला की ती विचारते, कोण तुम्ही. रोज तो म्हणतो, धाकटा भाऊ. ‘मी’ म्हणत नाही.

...काढलास का चष्मा? शहाणा आहेस. ठेव तिकडे. नाही, असा आपल्याकडे तोंड करून नको ठेवूस.

एवढंच राहिलं. मावशींकडून तो दुकानात गेला. शटरचं कुलूप त्यानेच उघडलं, खणाचंही त्यानेच. पाकीट जागेवर होतं. मायनस नऊ, सोमवारची तारीख, चिकटपट्टी कुठेही न उचकटलेली, वरून त्याचीच सही. त्याने उजेडात धरलं. आत काचा होत्या. ब्लेडने पट्टी कापली आणि पाकीट तळहातावर उलटं केलं.

ताईच्या पातळ काचा होत्या. पुसून लख्ख केलेल्या.