मासा गाठ मारत नाही

पोलादपूरला आमच्या गॅरेजच्या मागे सावित्री वळते, तिथे एक खोल डोह होता आणि डोहावर वाकलेला उंबर. एकवीसच्या पुरात उंबर गेला, डोहही निम्मा गाळाने भरला. पण मी डोळे मिटले की तो उंबर जागच्या जागी असतो… आणि त्याच्याखाली कमरेइतक्या पाण्यात उभा राहून, दातओठ खात गरवायची काठी ओढणारा एक मुलगाही.

दसरा नुकताच झाला होता. नदीचं गढूळपण बसून पाणी हिरवंगार झालं होतं. मी बादली घेऊन खाली उतरले, तर हा समोर. काठीचं टोक पाण्याला टेकेल इतकं वाकलेलं.

“अहो, ओढू नका! दोरा तुटेल.”

त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. “तुटला तर माझा तुटेल.”

“तुमचा तुटेल, पण गळ आमच्या नदीत राहील. उद्या आमची म्हैस पाण्यात उतरली की तिच्या पायात.”

आता तो वळला. ओल्या केसांतून पाणी निथळत होतं आणि चेहऱ्यावर शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा भाव. मला हसू आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवायचा माझा स्वभावच नाही.

“प्लास्टिकचा मासा हाय,” तो म्हणाला. “मुंबईहून आणलेला. उंबराच्या मुळात अडकलाय.”

“थांबा तिथेच.”

मी धावत गॅरेजमध्ये गेले आणि बाबांचं हत्यार घेऊन आले. माझे बाबा, भिकाजी मिस्त्री, गाड्या दुरुस्त करता करता असल्या करामती करायचे. निकामी स्पार्क प्लग, त्याला किल्ल्यांची एक कडी, खाली सायकलच्या चेनचे दोन तुकडे लोंबणारे आणि वर जाड नायलॉनची दोरी. डोहात गळ अडकला की अख्खी आळी हेच मागायला यायची.

“त्या खडकावर चढा. मुळांच्या बरोबर वर यायला हवं,” मी सांगितलं. त्याच्या दोऱ्यात कडी अडकवली. “आता काठी वर, दोरा ताठ. ताठ म्हटलं की ताठ!”

मी प्लग सोडला. तो दोऱ्यावरून सरसर घसरत पाण्यात गेला. खाली टक्… असा हलका धक्का हाताला जाणवला.

“आता सैल सोडा. परत ताठ. परत सैल.”

तिसऱ्या धक्क्याला मुळातला गळ सुटला आणि लाल पोटाचा तो खोटा मासा पाण्यावर आला. मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बुडालेला माणूसच बाहेर काढला होता.

“नाव काय तुमचं?”

“म्हशीला विचारा. पायात गळ जाणार होता तिच्या.”

नाव त्याने दुसऱ्या गुरुवारी काढून घेतलं. गुरुवारी आमच्याकडे लाईट नसायची, गॅरेज बंद असायचं आणि मी रिकामी. हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. तो अश्विन. जवळच्या कापडे गावचा. मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचा आणि भातकापणीसाठी महिनाभराची रजा काढून आला होता. दुसऱ्या गुरुवारी त्याचा मासा त्याच मुळांत अडकला. तिसऱ्या गुरुवारीही. एवढा मोठा डोह, पण या माणसाला दुसरी जागाच सापडेना!

“तुला गरवता येतं का रे नक्की?” तोवर मी अरे-तुरेवर आले होते.

“येतं की.”

“मग मासा कुठे आहे?”

“मी काय माशासाठी येतोय गो…” तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य पाण्याकडे बघत गिळून टाकलं.

परतीचा पाऊस भुरभुरत होता. आम्ही दोघं उंबराखाली दोरी गुंडाळत उभे होतो. दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. दोरी संपली तेव्हा बोटं बोटांना लागली, आणि दोघांपैकी कुणीच घाई केली नाही. एवढंच. पण त्या रात्री मी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि आईने कपाळाला हात लावला.

चौथ्या गुरुवारी प्लगने काम केलं नाही. दहा धक्के दिले तरी मासा सुटेना. शेवटी चेनचे तुकडे गळात गुंतले, तेव्हा मी जाड दोरी दोन्ही हातांनी ओढली. कडकन आवाज झाला आणि मासा वर आला. सोबत मुळाचा तुकडा होता. आणि मासा मुळाला बांधलेला होता, ओल्या पेंढ्याने! भाताच्या भाऱ्याला बांधतात तसा बंध. दोन टोकं एकत्र पिळलेली आणि पीळ खाली खोचलेला.

मी तो बंध त्याच्या नाकासमोर धरला.

“मासा गाठ मारत नाही, अश्विन.”

तो कानापर्यंत लाल झाला.

“आणि नदीच्या तळाशी भात कुणी पेरलं?”

“आज अडकतच नव्हता गो,” तो कसंबसं म्हणाला. “तू यायच्या आधी चारदा टाकला. मग बुडी मारून बांधला. आठ दिवस भारेच बांधतोय… हाताला दुसरं कायच सुचलं नाय.”

“थंडी नाही वाजली?”

“वाजली की.”

मी इतकी हसले की खडकावर बसले. पण सांगायचं ते आजच सांगायला हवं होतं.

“रविवारी मला बघायला येतायत. महाडचे आहेत, विरारला असतात.”

तो काठीला दोरा गुंडाळायला लागला. मग म्हणाला, “रेश्माचं ठरायचं हाय अजून. बहिणीच्या आधी मी माझं कसं काढू घरात? एक वर्ष थांबशील?”

“मी दहा थांबेन. पण बाबांना काय सांगू? कुणासाठी थांबायचंय?”

“तेजू…”

“माझ्याकडे नको बघूस. ते माझ्या बापाला सांग.”

शुक्रवार गेला. शनिवारची दुपार गेली. आईने पाहुण्यांसाठी पोहे निवडून ठेवले. मी मनातल्या मनात त्याला इतक्या शिव्या दिल्या, की तेवढ्या मला येतात हे मलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, पायीच. बाबा एका मोटरसायकलचं चाक काढून बसले होते आणि दोन गिऱ्हाईकं बाकावर. मी दाराआड उभी.

“काका, एक विनंती हाय. एक वर्ष थांबाल का?”

“गाडी कुठली?”

“गाडी नाय…”

“मग कशापायी थांबू?”

अश्विनचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. गिऱ्हाईकं बघतायत, बाबा बघतायत, आणि ह्याला शब्द फुटेना. मला राहवलं नाही. मी बाहेर आले.

“माझ्यासाठी, बाबा.”

बाबांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रागावले असतील असं वाटलं, पण आवाज शांत होता.

“हिच्या तोंडून नाय ऐकायचं मला. पोरगी माझी हाय, ती काय बोलेल ते मी जाणतो. तू बोल.”

अश्विनने घाम पुसला. आणि मग अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“काका, माझं तेजश्रीवर प्रेम हाय!”

बाकावरचं एक गिऱ्हाईक उठून उभंच राहिलं. बाबांनी काळे हात फडक्याला पुसले आणि आत आईला हाक मारली, “अगो, पाहुण्यांना फोन लाव. उद्या येऊ नका म्हणावं.”

पुढच्या मे महिन्यात रेश्माचं झालं, त्याच्या पुढच्या मार्गशीर्षात आमचं. आता आम्ही डोंबिवलीत असतो. पण एक गंमत सांगते. ते वाक्य अश्विनने जन्मात एकदाच उच्चारलं, आणि तेही माझ्या बापाला! मी कितीदा चिडवलं, भांडले, लाडात आले… “तेव्हा सांगितलं की,” एवढंच म्हणायचा.

गेल्या माघात बाबा गेले. तेराव्यानंतर आम्ही दोघं गॅरेज आवरत होतो. त्यांचं फडकं खिळ्याला तसंच टांगलेलं होतं. मी बाकावर टेकले आणि म्हटलं, “अश्विन, तू ज्यांना सांगितलंस ते गेले रे.”

त्याने हातातलं सामान खाली ठेवलं. मग जवळ आला, बाकावर माझ्याशेजारी बसला, आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला,

“तेजू… माझं तुझ्यावर प्रेम हाय.”

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडले. बाबांसाठी किती आणि ह्याच्यासाठी किती, ते मला आजही सांगता येणार नाही.