सहावा बटवा

शहात्तर सालच्या श्रावणात चारठाण्यात वारं जरा वांडच सुटलं होतं. बन्सीधर टेलरच्या ओट्यावरच्या चिंध्या त्यानं उचलल्या आणि थेट सुलाच्या कडेवरच्या घागरीत नेऊन टाकल्या.

"अगं बाई! पाणी भरलं का रंग?"

बन्सीधर मशीन सोडून धावत आला. सुलाच्या आत्याच्या दिराचा हा मुलगा, दोन महिन्यांपूर्वीच जिंतूरहून मशीन घेऊन गावात आलेला.

"द्या इकडं... मी भरून आणतो."

"पाणी राहू द्या. त्या चिंध्या द्या मला."

"चिंध्याचं काय करता, सुलाबाई?"

"बटवे. पंचमीला मैत्रिणी माहेरी यायल्यात. पाच जणी हायेत."

त्या दिवसापासून बन्सीधर कापड असं बेतू लागला, की तळहाताएवढा तुकडा नेमका उरावा. दर दोन दिवसांनी सुला यायची, तुकडे उलटेपालटे करून बघायची... आणि उगीचच उशीर लावायची.

"मशीनवर घाला की, घटकेत व्हतील," तो म्हणायचा.

"नगं. माझ्या हातचं त्यांना वळखू येतं. तुमची टीप सरळ जाती... माझा टाका वाट चुकतो."

"चुकू द्या की," बन्सीधर म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. मशीन कधी थांबली ते दोघांनाही कळलं नाही.

पंचमीनंतर चौथ्या दिवशी सोनपेठचं स्थळ सुलाला बघायला येणार होतं. वडील, किशनराव, भला माणूस. त्यांनी लेकीला विचारलं होतं, "तुज्या मनात दुसरं काही असलं तर पंचमीपत्तोर सांग. मागून रडू नको."

मनात होतं ना! पण सांगणार कशाच्या जोरावर? बन्सीधरनं एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलण्याच्या बाबतीतही शिंप्यासारखाच. दहादा माप घ्यायचा आणि कात्री काही लावायचा नाही. सुलाचा जीव मात्र टांगणीला लागलेला.

पंचमी उजाडली. पाचही बटवे तयार होते आणि दुपारी अचानक सहावी मैत्रीण, केशर आली! तीन वर्षं सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं नव्हतं. सगळ्यांच्या हाती बटवा आणि केशरचा हात रिकामा... सुलाला ते बघवणार नव्हतं. आता शिवावा म्हटलं, तर पंचमीला चिरणं-कापणं नाही, तवा नाही, सुई-दोरा तर नाहीच नाही. नागाला इजा होते म्हणतात.

ती धावतच दुकानात गेली. मशीनवर चादर घातलेली, बन्सीधर नुसता बसलेला.

"एक बटवा पायजे व्हता... पण आज..."

"आज सुईला हात लावत न्हाईत."

तो थोडा घुटमळला. मग मशीनच्या खणातून त्यानं एक पोपटी बटवा काढला. सुलाच्या अंगातलं पोलकं त्यानंच शिवलं होतं, त्यातलंच उरलेलं कापड.

"हा कुणाचा?"

"तुमी समद्यांसाठी शिवायलाव... तुमच्यासाठी कोन शिवनार? म्हून..."

"मग दिला कामून न्हाई?"

"सोनपेठचं कानावर आलं." त्यानं मान खाली घातली. "न्या. केशरबाईला द्या. सनाच्या दिवशी तिचं तोंड पडाया नगं."

एका शब्दाची वाट बघत होती, तिला अख्खा बटवा मिळाला. आणि तोही दुसरीला देण्यासाठी! सुलाला हसावं की रडावं कळेना. तिनं बटवा छातीशी धरला आणि जुन्या देवळामागच्या लिंबाकडे निघाली. झोक्यापाशी सगळ्या जमल्या होत्या. पाच बटवे वाटले. सहावा केशरच्या हातात ठेवताना मात्र तिची बोटं सुटता सुटेनात.

केशरनं बटवा आतून-बाहेरून बघितला. मग सुलाच्या पोलक्याकडे बघितलं.

"सुले, ही टीप तुजी न्हाई. अन् कापड तर तुज्याच अंगावरचं!"

सुला लाजेनं लाल झाली. बाकीच्या खिदळल्या, केशर नाही. तिनं बटवा सुलाच्या मुठीत परत कोंबला.

"मला उद्या शिव. मी पाच दिवस हाय. हा दिऊ नको गं कुणाला. लगीन ठरवताना मला कुणी इचारलं नव्हतं... तुला तुज्या आण्णांनी इचारलंय. जा."

सुला तशीच घरी गेली. किशनराव ओसरीवर बसले होते. तिनं बटवा त्यांच्यापुढे ठेवला.

"आण्णा, आत्याच्या बन्सीधरनं शिवलाय. माज्यासाठी." मग पुढचंही सांगून टाकलं. "मला सोनपेठ नगं."

किशनरावांनी बटवा हातात घेतला, शिवण दोन्हीकडून ओढून बघितली. उसवली नाही.

"बरं," ते म्हणाले. "सोनपेठकरांना निरोप धाडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुला दुकानाच्या ओट्यापाशी उभी राहिली. कमरेला पोपटी बटवा खोचलेला.

"केशरच्या बटव्याला तुकडा पायजे."

"तिला काल..." बन्सीधरची नजर तिच्या कमरेशी अडकली.

"आण्णा दुपारी यायलेत तुमच्याकडं. दुकान बंद करू नका."

बन्सीधरनं मशीन सुरू केली. जोरजोरात पाय मारत राहिला.

"अवो," सुला हसू दाबत म्हणाली, "सुईत दोरा तर ओवा."