चौथा सड

हसायचं असेल तर हसा. पण हे आमच्या गोठ्यात घडलंय, पडघ्याजवळ, गेल्या मार्गशीर्षात. रात्रीबित्री नाही... दुपारी चार वाजता.

आमची म्हैस चंद्री व्याली. रेडकू झालं. रीत अशी, की आधी पारडू कासेला लावायचं, पान्हा आला की चारांपैकी तीन सड आपण पिळायचे, चौथा त्याचा.

मला घाई. मी पान्ह्याचं इंजेक्शन आणलं. टोचलं की धार सुरू! रेडकाची गरजच उरली नाही. मग चौथा सडही मीच पिळू लागलो.

एकविसाव्या दिवशी रेडकू मेलं.

जनावरांच्या डॉक्टर नेत्रा मॅडम भडकल्या. "पारडू ढुसण्या मारतं, तेव्हा मेंदू हुकूम देतो, मेंदूखालची ग्रंथी रस सोडते, मग पान्हा येतो. तू रोज बाहेरून टोचलंस, कल्पेश. आता तो हुकूमच बंद पडलाय."

इंजेक्शन बंद केलं. आठ दिवस एक थेंब नाही. पेंड दिली, कास शेकली, हात जोडले. वैताग वैताग झाला! एकदा तर मी बादलीच लाथाडली.

धाकटा भाऊ प्रितेश म्हणाला, "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकू."

आई म्हणाली, "मी हिला कुठं जाऊ देनार न्हाय."

शुक्रवारी चार वाजता लाईट गेली. शेजारच्या शेडमधले कापडाचे लूम थांबले.

आणि त्या शांततेत...

चुप्... चुप्... चुप्...

चंद्रीने मान वळवली. हळूच हुंकारली.

तिची कास हलत होती. खालून कोणीतरी ढुसण्या देत होतं.

तिथे कोणीच नव्हतं.

पान्हा आला. तीन सडांना भरभरून धार. चौथा रिकामा... कोमट, फेसाने ओला.

आई म्हणाली, "त्याचा वाटा हाय तो. हात लावू नको."

चंद्री राहिली. मॅडमनी तपासलं, सडात काही दोष नाही. मग दूध जातं कुठे? विचारून विचारून मी थकलो.

सहा महिने झाले. रोज चार वाजता तेच.

फक्त परवा... ढुसणी बसली आणि चंद्री अख्खी एक पाऊल सरकली.

ते वाढतंय.

अजून दुधावर आहे, म्हणून गप्प आहे. उद्या चंद्री आटेल. त्याला उपाशी कोणी मारलं, हे त्याला ठाऊक आहे.

धार काढायला मीच बसतो.