गोवळकोंड्यावर सांगते

हैदराबादेत कोठी भागातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मेधा मोडक्या हिंदीत भाव करत होती. दुकानदार हटेना, तशी पुटपुटली, "मेला, ऐकतच नाही!"

शेजारी कुणीतरी फस्सकन हसलं.

"हसायला काय झालं?"

"हौ, हसलो. शिवी घरची वाटली ना..."

तो प्रबुद्ध. आजोबा नांदेडकडून आलेले, घर बरकतपुऱ्यात, कंपनीत चांगली नोकरी. ती पुण्याची, इथे नोकरीला आलेली. पुढे दीड वर्ष ती त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर मांडी घालून बसली, गिअरवरचा त्याचा हात हळूच धरून...

मग तिचे आईबाबा एका दिवसासाठी हैदराबाद बघायला आले.

"गोवळकोंड्यावर सांगते त्यांना. नक्की!" मेधा म्हणाली होती. प्रबुद्धने रजा टाकली, गाडी धुतली, नवा शर्ट घातला.

स्टेशनबाहेर तिच्या आईने बॅग त्याच्या हातात कोंबली. "डिकीत नीट ठेवा हं, ड्रायव्हर."

त्याने मेधाकडे पाहिलं. मेधा... गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसली.

"नाव काय तुमचं?" वाटेत बाबांनी विचारलं.

"प्रबुद्ध."

"अच्छा... आणि आडनाव?"

"बाबा, तो बघा चारमिनार!" मेधा जवळजवळ किंचाळलीच.

गोवळकोंड्यावर वारा सुटला होता. आईबाबा पलीकडे फोटो काढत होते. तिचे उडणारे केस बघताना त्याला अजूनही वाटत होतं — आता सांगेल.

"सांग ना."

"आज नको... आईचा गुडघा दुखतोय."

"गुडघ्यालापण जात कळते का गं?"

दीड वर्ष प्रेम करायला शूर, आणि बापासमोर दातखीळ!

जेवायला थांबले तेव्हा आई म्हणाली, "ड्रायव्हरला तिकडे बाहेर बसायला सांग."

मेधाने सांगितलं. स्वतःच्या तोंडाने.

संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी नामपल्ली स्टेशनवर पोचल्यावर बाबांनी फोन काढला. माणूस तसा गोड बोलणारा. "झकास चालवता हो गाडी! नंबर द्या तुमचा. पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावू."

मेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. नको, नको, म्हणत होते ते डोळे.

प्रबुद्धने बॅग खाली ठेवली.

"मेधाला पाठ आहे, काका. दीड वर्ष झालं. झोपायच्या आधी रोज लावते."

तो पार्किंगकडे वळला. मागून बाबांचा आवाज आला, "मेधा?"

उत्तर ऐकायला प्रबुद्ध थांबला नाही.