शेजारची चाकोरी

बुलडाण्याबाहेरच्या नव्या वस्तीपासून देऊळघाटापर्यंत सायकलींसाठी वेगळी वाट आखायचं काम लोकल बोर्डाने दिलं, तेव्हा ओव्हरसियर वामनरावांनी देऊळघाटातल्या घरी पेढे आणले. गाडरस्त्यावर बैलांच्या नालांचे खिळे आणि बाभळीचे काटे, सायकलवाल्यांचा नुसता छळ होता. पण खरी खुशी वेगळीच होती. एकुलती एक लेक कोकिळा गावातली शाळा संपवून घरी बसली होती. वाट झाली की ती सायकलवरून बुलडाण्याच्या हायस्कुलात जाणार!

"एकटी पोर मी धाडत नाई," त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी पीठ मळता मळता निकाल दिला. "सोबत दाखवा, मंग पाठवा."

देऊळघाटात सायकल येणारी दुसरी मुलगी नव्हती. तरी वामनराव कामाला लागले. सकाळी सायकलवर सोयीची बाजू बघत जायचं आणि परतताना आपल्याच चाकोरीवर चुन्याची फक्की टाकायची. मार्गशीर्षातलं दव, धुळीत चाक सुरेख उमटे.

एका सकाळी परतताना त्यांच्या चाकोरीशेजारी दुसरी दिसली. आजूबाजूच्या तुरीत माणूस नव्हतं. पण चाकोरी मोठी शहाणी! वामनराव जिथे खडकावर आदळले होते, तिथे तिने वळसा घेतला होता. चढ तिरका कापला होता. त्यांनी मुकाट्याने फक्की तिच्यावर टाकली आणि शीळ घालत घरी गेले.

मग ती रोजच दिसू लागली. वाट झकास होत गेली.

नव्या वस्तीतल्या कडुलिंबाखाली सायकली ठेवायला फकीर मोहम्मद सायकलवाला बांबूचे खण बांधत होता.

"साहेब, तुमच्यासंग रोज कोन येऊन राह्यलं?"

"कोणी नाही. काऊन?"

"चाक इथवर येते. थांबते. मंग परत जाते." त्याने सुतळीची गाठ उगाच पुन्हा आवळली. "पाय टेकल्याचं निशान नाई कुठी. एक खण मी रिकामा ठेवतो."

वामनराव हसले. त्यांनाही ते निशाण कुठे दिसलं नव्हतं.

वाट सुरू व्हायच्या दिवशी सकाळी ते अक्षता घेऊन निघाले. कार्य कुठलंही असो, पहिली अक्षत वाटेवरच्या देवांना. मारुतीला दिली, नदीकाठच्या म्हसोबाला दिली. उरलेली त्यांनी थट्टेने त्या चाकोरीवर टाकली. तिने एवढी मदत केली होती, तिला वगळणं बरं दिसलं नसतं. लग्नाची निमंत्रणं करून करून तोंडात बसलेलं वाक्यही आपसूक निघालं, "कार्य घरचं हाय. राहाले या."

सोहळा दृष्ट लागावी असा झाला. झेंडूच्या माळा घातलेल्या सायकली, लाडू, ताशा. सगळ्यांच्या पुढे कोकिळा, वेणी उडवत. एकाही चाकाची हवा गेली नाही, म्हणून फकीर मोहम्मद आपल्या पंपाकडे बघून खोटं खोटं रडला. वामनरावांचा ऊर भरून आला होता.

साहेबलोकांची सरबराई उरकून ते दिवेलागणीला घरी आले. कोकिळा आधीच परतली होती. सत्यभामाबाईंचा चेहरा फुलला होता.

"जाऊ द्या तिले शाळेत. सोबत भेटली."

"कोणाची?"

"हाव बाबा," कोकिळा म्हणाली. "येताना एक पोरगी पुढं पुढं चालवे, घंटी वाजवे. अंगणापर्यंत आली."

वामनराव कंदील घेऊन अंगणात गेले. सड्यावर दोन चाकोऱ्या होत्या. एक भिंतीशी, जिथे कोकिळाची सायकल उभी होती. दुसरी थेट उंबऱ्यापर्यंत.

परतीची नव्हती.

पाऊलही नव्हतं.

बोलावं, तर पोरीची शाळा गेली. त्यांनी वहाणेने ती चाकोरी पुसली आणि आत आले.

तिघांच्या घरात चार पानं मांडलेली होती.

"बसा," सत्यभामाबाई भात वाढत म्हणाल्या. "कोकीची मैतरीण आत हाय. म्हन्ते, राहाले तुम्हीच बोलावलं."

वामनराव पानावर बसले. मधल्या खोलीत सायकलची घंटी एकदा हलकेच वाजली.