भिंतीवरचा चढ

गिअर बसवायला घेण्याआधी मिस्त्री एकच गोष्ट विचारायचा, पाय कुणाचा? गिऱ्हाईक फ्रेमचं कौतुक सांगत राही, धातू कुठला, वजन किती कमी, आणि हा आपला त्याच्या पोटऱ्यांकडे बघत उभा. मग तो त्या माणसाची जुनी सायकल मागवून घ्यायचा. मागच्या कुठल्या चक्राचे दाते झिजलेत, चेन किती ताणली आहे, एवढं बघितलं की माणूस चढावर उभा राहून पेडल मारतो की बसून, दमल्यावर हलका गिअर घ्यायला लाजतो की काय, सगळं त्याला कळे. माणसापेक्षा त्याची चेन खरं बोलते, असं तो म्हणायचा. त्यावर बायको म्हणे, म्हणूनच आमच्या घरात माणसांशी कुणी बोलत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा मात्र त्याची पंचाईत झाली. डॉक्टर निवृत्त झालेले, घरात एकटे. वरच्या मजल्यावर एक लांबलचक खोली होती, पांढऱ्या भिंतींची, आणि भिंतीवर आकड्यांना पाच फ्रेमा टांगलेल्या. दाराजवळची पोलादाची, हातानं जोडलेली. मग दोन कार्बनच्या, एक टायटॅनियमची आणि शेवटी खिडकीजवळ जाड चाकांची डोंगरवाटेची. एकेक अशी होती की मिस्त्रीनं हात लावायच्या आधी हात धुवून घेतले. डॉक्टरांना प्रत्येकीला साजेसे भाग हवे होते. पेडलचे दांडे म्हणजे क्रँक, चक्रं, चेन, गिअर बदलायचे खटके, सगळं काही. निवड मिस्त्रीची.

चालवणार कोण, असं त्यानं विचारलं. डॉक्टर जरा ओशाळले. त्यांना सायकल येतच नव्हती. लहानपणी एकदा पडले, त्यानंतर बसले नाहीत. या पाचही नुसत्या बघायच्या होत्या.

तीन दिवस मिस्त्री कागद पुढ्यात घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा. पायावाचून गिअर निवडायचा म्हणजे मापावाचून सदरा शिवायचा. चौथ्या दिवशी त्यानं कुणाला न सांगता मनाशी एक पाय धरला आणि त्या पायासाठी पाचही सायकलींचे दाते मोजले. तो पाय त्याच्या मुलीचा होता.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. शाळेत जायच्या आधीपासून ती सायकलीवर, आणि पंचविशीपर्यंत तिनं कपाटभर बक्षिसं आणली. नऊ महिन्यांपूर्वी शर्यतीत पडली आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं, की पाय वापरला नाही तर आखडेल आणि जास्त ताणला तर कायमचा जाईल. भिंगरीनं वापरायचंच सोडलं. तिची सायकल चादरीखाली झाकलेली. दुपारी जेवली की खोलीत जाऊन झोपायची ती संध्याकाळी उठायची. काठी टेकत बाहेर यायची. हो, नको, बघू, एवढंच बोलायची.

मिस्त्रीनं जो पाय धरला तो हा नव्हे. पडण्याआधीचा धरला. पुढे त्रेपन्न दात्यांचं चक्र, मागे अकरापासून पंचवीसपर्यंत. पुढचं चक्र मोठं आणि मागचं लहान तेवढा गिअर जड. भिंगरीला जड लागायचे. सहा आठवडे तो त्या खोलीत काम करत होता आणि त्या काळात घरी शीळ घालत यायचा. बायकोनं दोनदा विचारलं, तिथे लाडू वाटतात की काय.

दर पंधरा दिवसांनी तेलपाणी बघायला जायचं ठरलं होतं. पहिल्याच खेपेला त्यानं दाराजवळच्या पोलादी सायकलीची चेन फडक्यात धरली आणि फडकं काळं झालं.

त्यानं स्वच्छ तेल घातलं होतं. न वापरलेल्या चेनला काळं यायचं कारण नाही. खिशातून मापाची पट्टी काढून त्यानं चेनवर ठेवली. पट्टीचा दात आत पडला, म्हणजे चेन ताणलेली. दोन-अडीच हजार किलोमीटर चाललेली चेन. त्यानं दुसऱ्या जागी ठेवून बघितली, तिथेही पडला. मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्राचे, म्हणजे सगळ्यांत हलक्या गिअरचे दाते एका बाजूला कलले होते. बाकीची चक्रं कोरी.

टायरवर मात्र नवेपणाचे रबराचे बारीक केस जसेच्या तसे होते. ते केस पहिल्या दहा-वीस किलोमीटरांत जातात. सायकल जमिनीला लागलेलीच नव्हती.

"कुणी चालवली का?" त्यानं विचारलं.

"चावी माझ्या गळ्यात असते, मिस्त्री," डॉक्टर म्हणाले. "आणि मला येत नाही हे सांगून एकदा तुमच्यापुढे लाज काढून घेतली आहे. पुन्हा कशाला?"

मिस्त्री हसला. मग क्रँक पुसायला वाकला आणि तसाच राहिला. उजव्या क्रँकच्या बाहेरच्या बाजूला रंग उडून रुपयाएवढा चकचकीत ठिपका पडला होता. भिंगरीचं उजवं पाऊल जन्मापासून टाच आत घेऊन पडायचं. ती जी सायकल चालवी तिच्या क्रँकला तिची टाच घासे, नेमकी त्याच जागी. असले ठिपके त्यानं आजवर वीसेक तरी बघितले होते, आणि सगळे एकाच घरात.

घरी आला तर बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन मुलीच्या उशाशी. गुडघा टम्म सुजलेला.

"अहो, दिवसभर झोपून असते आणि गुडघा सुजतो, हे काय दुखणं?" ती म्हणाली. "लोकांच्या सायकलींना तेल घालून झालं असेल तर जरा इकडेही बघा."

त्यानं बघितलं. उजव्या पोटरीवर आतल्या बाजूला काळ्या तेलाचे ठसे होते, एकाशेजारी एक, पुढच्या चक्राच्या दात्यांचे. सायकलवाल्यांच्या पायावर पडतात तसे. तो ओल्या फडक्यानं पुसत बसला. ते तेल पाण्यानं निघत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी पुसत बसला.

बायको पाणी तापवायला गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, झोपेत काही दिसतं का?

भिंगरी छताकडे बघत होती. "चढ आहे," ती म्हणाली. "रस्ता चांगला आहे. कुणी नसतं. पण गिअर फार जड आहे, बाबा."

त्यांचं गाव तळहातासारखं सपाट. चढ म्हणावा तर एक रेल्वेवरचा पूल, तोही दहा पेडलांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रीनं डॉक्टरांच्या घरी जाऊन पाचही चेन काढल्या. धुवायच्या आहेत म्हणून सांगितलं आणि पिशवीत घालून घरी आणल्या. दुपारी तो मुलीच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला. खोलीत काही झालं नाही. ती पाठीवर निजली होती, चादर हलली नाही. उठल्यावर तिनं पाय खाली टेकवले आणि कळवळून वर घेतले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, फुटून ओले झालेले.

"चेनच नव्हती," ती म्हणाली. "ढकलत नेली."

"अगं, मग मागे फिरायचं. सोडून यायचं."

"चढावर थांबलं की पुन्हा सुरू करता येत नाही, तुम्हीच शिकवलंत ना." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "आणि मागे बघितलं मी. मागे रस्ता नसतो."

मग त्यानं ज्यात त्याला गती होती ते केलं. त्याच संध्याकाळी नव्या चेन घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. पोलादी सायकलीच्या पुढे चौतीस दात्यांचं चक्र चढवलं, मागे बत्तीसपर्यंतच्या चक्रांची माळ. या खेपेला त्यानं पाय धरला तो आताचा, ऑपरेशन झालेला, अर्ध्या ताकदीचा.

तीन दिवसांत सूज उतरली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बापलेक बोलायला लागले. वळणं किती होती, पेडल बसून मारलंस की उभी राहून, श्वास कुठे तुटला. ती सांगे आणि तो कागदावर दाते मांडे. डावीकडे दगडी कठडा आहे, उजवीकडे काही नाही, झाड नाही, सावली नाही, असं ती सांगायची. उजवीकडे काही नाही म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही. पडल्यापासून ती इतकं बोलली नव्हती. तिला भूक लागायला लागली. काठी कोपऱ्यात गेली. सर्जननं गुडघा वाकवून बघितला आणि व्यायाम कोण करून घेतं म्हणून विचारलं. बायकोनं अभिमानानं नवऱ्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रीनं मान खाली घातली.

चढ मात्र दर आठवड्याला उभा होत चालला. चेन तपासायला जावं तर झीज सगळ्यांत हलक्या गिअरवर, आणि त्याहून हलका बसवावा तर पुढच्या खेपेला त्याच्यावर. पोलादी सायकलीत आणखी मोठं चक्र मावेना, तेव्हा शेजारच्या कार्बनच्या सायकलीवर झीज दिसू लागली. मग तिच्या पुढची. टांगलेल्या ओळीतून कुणी एकेक उतरवून घेत असावं तशी झीज खिडकीकडे सरकत गेली. रबराचे केस पाचही सायकलींवर शाबूत.

डॉक्टर दारात उभे राहून बघायचे, आत यायचे नाहीत. एकदा म्हणाले, "मिस्त्री, ती खिडकीजवळची बघितली की मला धाप लागते. वय झालं, दुसरं काय."

खिडकीजवळच्या सायकलीला त्यानं पुढे तीस दाते लावले आणि मागे एक्कावन्न. याहून हलका गिअर त्याच्या माहितीत कुठे मिळत नव्हता. हे त्यानं भिंगरीला सांगितलं. ती म्हणाली, पुरेल, आता वरचं आभाळ दिसायला लागलं आहे.

त्या गुरुवारी बायको बाजारात गेली होती. दुपारचे तीन. मिस्त्री पलंगाशी बसला होता. भिंगरीचे पाय चादरीखाली स्थिर, पण श्वास मोजून होता, पेडलाच्या फेरीचा. मिनिटाला साठ फेऱ्या. मग पन्नास. चाळीस झाल्या तेव्हा तिच्या ओठांवर घाम आला. त्यानं नकळत स्वतःचे गुडघे आवळून धरले. बस, पोरी, उभी राहू नकोस, बसूनच मार. मिनिटाला तीस फेऱ्या.

मग श्वास एकदम सैल झाला.

"पोचले," ती डोळे न उघडता म्हणाली.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शाब्बास गं, तो म्हणाला. आता उतर सायकलीवरून. जरा टेक तिथे.

"इथे टेकायला जागा नाही, बाबा. लगेच उतार आहे."

"किती?"

"सगळाच. जेवढा चढ होता तेवढा."

त्याला आधी बरंच वाटलं. उतारावर गुडघ्याला ताण नाही, पेडल मारायचं नाही, नुसतं बसायचं. हात हँडलवर ठेवायचे आणि वळणापाशी हळूच दाबायचं.

काय दाबायचं?

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, ब्रेकच्या तारा लोंबत असल्या की सायकलीची रेघ बिघडते. भिंतीवर टांगायच्या सायकलीला ब्रेक हवेत कशाला, असं म्हणून त्यानंही मान डोलावली होती. हँडलवर धरायला मुठी होत्या. मुठीपासून चाकापर्यंत काही नव्हतं. पाचही सायकलींना नव्हतं. इतक्या खेपांत त्यानं फक्त चढ बघितला होता.

तो उठला. डॉक्टरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, जोरात गेलं तरी वीस मिनिटं. एक तार ओढायला पंधरा.

"भिंगरे, ऊठ." त्यानं तिचा खांदा हलवला. खांदा पुढे झुकलेला होता, ताठ. तो मागे ओढला जाईना.

तिची बोटं चादरीवर होती. दोन्ही हातांची दोन दोन बोटं आत ओढली गेली, सुटली, पुन्हा ओढली गेली.

पंखा बंद होता. खिडकी त्यानंच लावून घेतली होती.

तिच्या कपाळावरचे केस हळूहळू मागे उडायला लागले.